माझी साठ जणांची पलटण

माणसाला एखादा तरी छंद असावा, असे मोठमोठी माणसे सांगून गेली आहेत. तो घरातल्या इतरांना सोसवेल असा असावा, एवढे सांगायचे मात्र ती विसरली. मी स्वतः वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षापर्यंत निर्व्यसनी आणि निश्छंद होतो. मी बी.कॉम. आहे आणि बँकेत कारकून आहे. अशा माणसाला आयुष्यात एकच आनंद ठाऊक असतो. संध्याकाळी रोकड मोजावी आणि ताळा पहिल्या झटक्यात जुळावा. जुळला तर सुख, नाही जुळला तर दुःख. इतकी सोपी व्यवस्था असताना वेगळा छंद हवाच कशाला?

पण २५ मार्च २०२० पासून सारा देश बंद झाला. म्हणजे इतरांसाठी. बँका मात्र अत्यावश्यक सेवेत गेल्या. लग्नाला वीस वर्षे झाली, पण मी अत्यावश्यक आहे असे कोणी म्हणण्याची ही पहिलीच वेळ. मी ती बातमी घरात दोनदा मोठ्याने वाचून दाखवली. सौ. म्हणाली, "यादीत दूध, भाजी आणि औषधे तुमच्या आधी आहेत."

आमचे घर साखऱ्याला. तालुका सेनगाव, जिल्हा हिंगोली. गावाच्या नावात साखर असली तरी आमच्या भागाची ख्याती हळदीची. बाहेरचे कोणी गावात शिरू नये म्हणून पोरांनी वाटेवर बाभळीच्या फांद्या आडव्या टाकल्या होत्या. मी गळ्यात ओळखपत्र अडकवून त्या फांद्यांतून मोटरसायकल काढी आणि बँकेत जाई. पाळ्या लावल्यामुळे एक दिवस बँक आणि एक दिवस घर, असे सुरू झाले. बँकेचा दिवस कसाबसा जाई. घरचा दिवस जाता जात नसे. मी मिठाच्या बरणीवर 'मीठ' अशी चिठ्ठी लावली, तेव्हा सौ.ने हात जोडून सांगितले, "अहो, तुम्ही दुसरं काहीतरी करा. मला मीठ ओळखू येतं."

अशा वेळी चिरंजीवांच्या मोबाइलवर मला तो साहेब दिसला. कपाळाला भिंग बांधलेला, टक्कल पडलेला एक इंग्रज करंगळीच्या दोन पेरांएवढ्या शिपायाला रंग देत बसला होता. चांगली पन्नाशीची असामी! चिरंजीवांनी माहिती पुरवली की हा खेळ आहे. जुन्या लढायांतले सैनिक घ्यायचे, सुमारे २८ मिलिमीटर उंचीचे. ते रंगवायचे, टेबलावर डोंगर-नद्या मांडायच्या आणि फासे टाकून लढाई पुन्हा लढायची. एच. जी. वेल्स या नामांकित लेखकाने १९१३ साली या खेळाचे नियम सांगणारे 'लिटल वॉर्स' नावाचे पुस्तकच लिहिले होते. तेव्हा त्यानेही पंचेचाळिशी ओलांडली होती, हे कळल्यावर मला फार धीर आला.

"आणि हा कुठली लढाई रंगवतोय?" मी विचारले.

"असाये," चिरंजीव म्हणाले. "कुठेतरी आफ्रिकेत असेल."

मी ताडकन उठून बसलो. असई! आपल्या मराठवाड्यातली, जालना जिल्ह्यातली! २३ सप्टेंबर १८०३ या दिवशी तिथे एका बाजूला शिंदे आणि नागपूरकर भोसले, दुसऱ्या बाजूला आर्थर वेलस्ली. हाच पुढे वेलिंग्टन झाला आणि १८१५ साली वॉटर्लूला त्याने नेपोलियनला हरवले. तरीही उतारवयात कोणी विचारले की तुमची सर्वांत उत्तम लढाई कोणती, तर तो असईचे नाव घेई, असे सांगतात. आणि आमच्या घरातल्या मुलाला ती आफ्रिकेत वाटावी? शिवाय आमची माणसे त्या टकल्या साहेबाने रंगवावीत? माझा स्वाभिमान जागा झाला. घरचा दिवस असल्यामुळे त्याला दुसरे कामही नव्हते.

प्रथम हिशेब मांडला. मराठ्यांचे सैन्य ढोबळमानाने ५०,००० आणि वेलस्लीचे सुमारे ९,५००. हजार माणसांमागे एक शिपाई धरला तर आपले पन्नास आणि त्यांचे साडेनऊ. अर्धा इंग्रज करावा कसा, हा प्रश्न आला. पण पन्नास पैसे आले की पुढचा रुपया धरावा, या बँकेतल्या सवयीने मी दहा केले. एकूण साठ. माझ्यामुळे वेलस्लीला पाचशे माणसे फुकट मिळाली, याची इतिहासाने नोंद घ्यावी.

धातूचे शिपाई मागवायचे तर कुरिअर बंद. तेव्हा मातीचेच करायचे ठरले. सौ. सातारकडची. तिच्या माहेरी दिवाळीत किल्ला करतात, त्यावर मातीचे मावळे मांडतात. त्यामुळे या विषयातला अधिकार तिच्याकडे आपोआप गेला. मी शेतातली काळीभोर माती आणून पहिले चार शिपाई वळले. ते पाहून ती म्हणाली, "मोदक चांगले झालेत." दुसऱ्या दिवशी ते वाळले आणि उभे चिरले. शत्रू यायच्या आधीच चौघेही कामास आले.

हे दुःख मी बँकेत आमच्या शिपाईमामांना सांगितले. शिपाई या विषयावर शिपायाचा सल्ला घ्यावा, एवढेच मनात होते. पण मामा गंभीर झाले. "सायब, काळ्या मातीचा काय भरोसा? वाळली की फाटती. पांढरी घ्या, माळवदावर टाकतेत ती. त्यात चाळून राख घाला, अन् घोड्याची लीद."

"लीद?"

"घोडदळ करायचंय म्हणलाव ना?"

त्यांच्या कृतीने शिपाई धड उभे राहिले. उंची चार बोटे झाली. २८ मिलिमीटरच्या मानाने ते राक्षसच होते, पण आमच्याकडे दूधदुभते भरपूर आहे.

आता रंग. दुकाने बंद. मामा बँकेपुढे रांगेसाठी चुन्याची वर्तुळे आखत, त्यातला वाटीभर उरलेला चुना मी घरी आणला. बँकेचा ऐवज घरी नेण्याची माझ्या नोकरीतली ही एकमेव घटना. पहिल्या दहा शिपायांना चुन्याचा हात दिला आणि ओल्या चुन्यावरच मराठ्यांचे अंगरखे पिवळे करावेत म्हणून घरची हळद कालवून लावली. कुंचला टेकवला आणि माझ्या डोळ्यांदेखत अंगरखा लाल झाला. दुसऱ्याला लावली, तोही लाल. बघता बघता दहाच्या दहा मराठे फितूर होऊन इंग्रजांना मिळाले!

मी आरडाओरडा केला. सौ. स्वयंपाकघरातून आली आणि हसत म्हणाली, "अहो, कुंकू कशाचं करतात?"

"दुकानातून आणतात."

"हळदीला चुना लागला की ती लालच होते. तुम्ही नक्की बी.कॉम. आहात ना?"

बी.कॉम.ला हळद नसते, हे तिला कोण सांगणार! पण इंग्रज नेमके दहाच हवे होते, म्हणजे ताळा जुळला. उरलेल्या पन्नासांना चुना न लावता कोऱ्या मातीवर हळद चढवली आणि ते पिवळे राहिले. रात्री साठही जण ओळीने वाळत ठेवले, तेव्हा मी बराच वेळ बघत बसलो. माती एकच, हळद एकाच डब्यातली. असईलाही तसेच तर होते. वेलस्लीच्या सैन्यात गोऱ्यांच्या पलटणी थोड्या, बाकीचे बहुतेक शिपाई मद्रासकडचे. आणि शिंद्यांच्या कवायती पलटणींचा मुख्य होता पोलमन नावाचा हॅनोव्हरकडचा गोरा. ज्याच्या खात्यातून पगार, त्याच्या रंगाचा अंगरखा. कारकुनाला हे समजायला इतिहासाची पदवी लागत नाही.

केळना नदीसाठी सौ.ची निळी ओढणी घेतली. ती घेताना झालेली लढाई येथे सांगत नाही. या नदीची मात्र गोष्ट ऐकण्यासारखी आहे. वाटाड्यांनी वेलस्लीला सांगितले की इथे उतार नाही. त्याने पाहिले, तर नदीच्या दोन काठांवर दोन गावे अगदी समोरासमोर. तो म्हणाला, गावे समोरासमोर आहेत म्हणजे मधे उतार असणारच. आणि निघाला! यात कसली आली युद्धनीती? अल्याड मामा आणि पल्याड भाचा असला की बाभळीच्या फांद्या टाकल्या तरी माणसे वाट काढतातच, हे त्या उन्हाळ्यात साखऱ्यातले शेंबडे पोरही सांगू शकले असते.

ते दिवस बँकेत मोठे धामधुमीचे होते. जनधन खाते असलेल्या बायकांच्या खात्यावर एप्रिल, मे आणि जून असे तीन महिने सरकारने दरमहा ५०० रुपये टाकले. एप्रिलमध्ये गर्दी टाळण्यासाठी खाते क्रमांकाच्या शेवटच्या आकड्याप्रमाणे दिवस ठरवून दिले. ३ एप्रिलला शून्य आणि एक, ४ ला दोन आणि तीन, या हिशेबाने. पण बायाबापड्या पहिल्याच दिवशी उन्हात येऊन बसल्या. एका म्हातारीला मी खिडकीतून विचारले, "आजी, तुमचा शेवटचा आकडा काय?" ती म्हणाली, "लेकरा, शेवटचा आकडा देवाच्या वहीत. तू आपले पाचशे दे." मामा प्रत्येकीला वर्तुळात उभे करत, पदर तोंडाला लावायला सांगत आणि कोणाला घेरी आली तर स्वतःच्या तांब्यातले पाणी देत. त्या दिवसांत बँकेत खऱ्या अर्थाने शिपाई असा तो एकच माणूस होता. आम्ही बाकीचे काचेमागचे तोफखानेवाले.

जूनपर्यंत पलटणीला चेहरे आले. मला ओळखीचीच माणसे वळता येत, त्यामुळे एका सरदाराला आमच्या रोखपालाचे नाक आले, एक भालेदार थेट पेन्शनर गुरुजींसारखा झाला. एक शिपाई थोडा पोक काढलेला, खांद्यावर पोते घेतलेला झाला. ते पोते चुन्याचे होते, हे मला वळून झाल्यावर कळले.

सर्वांत अवघड काम डोळ्यांचे. जगातले सगळे रंगवणारे हेच सांगतात. एक ठिपका इकडे सरकला की शूर वीर चकणा होतो. कुंचला उपयोगाचा नाही, म्हणून मी वाटेवरच्या फांदीचा बाभळीचा काटा काजळात बुडवून श्वास रोखून डोळे काढी. दिवसाला दोन माणसे होत. पण डोळा आला की मातीचा गोळा एकदम तुमच्याकडे बघू लागतो. नंतर त्याला नुसता पन्नासांतला एक म्हणता येत नाही.

ऑगस्टअखेर एकोणसाठांना डोळे आले. पोतेवाला तेवढा राहिला होता. आता लढाई लावायची, म्हणजे पडलेले वीर दाखवायला हवेत. असईत इंग्रजांकडचे ४२८ ठार, ११३८ जखमी आणि १८ बेपत्ता, एकूण १५८४. म्हणजे माझ्या प्रमाणात दीड शिपाई. मराठ्यांचा अंदाज सहा हजारांचा, म्हणजे सहा शिपाई. आकडा चोख होता. मी सहा जण आडवे करायला हात पुढे केला आणि अडलो. कोणते सहा? गुरुजींना आडवे करू? रोखपालाला? मी तासभर ओट्यावर बसून राहिलो. रोज संध्याकाळी टीव्हीवर आज इतके, काल इतके असे आकडे येत, ते मी चार महिने कारकुनाच्या डोळ्यांनी पाहत होतो. बेरीज बरोबर आहे ना, एवढेच.

सप्टेंबरात मामा आजारी पडले. त्यांना हिंगोलीला दवाखान्यात नेले. भेटायला जायची सोय नव्हती. फोन लागे, पण पलीकडे बोलण्यापेक्षा धापच जास्त ऐकू येई. त्या दिवसांत मी पोतेवाल्याला तीनदा हातात घेतला, काटा काजळात बुडवला आणि परत ठेवला. डोळे उघडे काढावेत की नाही, हे कळेना. सौ.ने विचारले नाही. तिने फक्त तो शिपाई खिडकीतून उचलून देवघराच्या फळीवर ठेवला. आणि पुसाफसायच्या नावाखाली येता-जाता सगळ्या घरावर सॅनिटायझर फवारणाऱ्या त्या बाईने त्याच्यावर मात्र एक थेंब उडू दिला नाही. (आधी एकदा तिच्या फवाऱ्याने एका इंग्रजाचा लाल रंग त्याच्या पायांपर्यंत ओघळला होता.)

बावीस दिवसांनी मामा घरी आले. दिवाळीपर्यंत काठी टेकत चालू लागले. १४ नोव्हेंबरला लक्ष्मीपूजन होते. त्या संध्याकाळी ते तोंडाला उपरणे बांधून आमच्या ओट्यापाशी आले. ओट्यावर असई मांडली होती. ओढणीची केळना वाहत होती, पणत्यांच्या उजेडात दोन्ही फौजा समोरासमोर उभ्या होत्या. मामांनी वाकून एकेकाला न्याहाळले.

"सायब, येकबी पडला न्हाई का?"

"नाही मामा. या वर्षी नको म्हटलं."

मग त्यांना पोतेवाला दिसला. "ह्याला डोळे न्हाईत?"

मी आत जाऊन काजळ आणि काटा घेऊन आलो. मामा समोर बसले होते, म्हणून हात थरथरला असावा. उजवा डोळा झकास आला. डावा घसरला आणि कानाकडे गेला. मी ओशाळून त्यांच्याकडे पाहिले. मामांनी तो शिपाई पणतीजवळ धरला आणि बराच वेळ निरखला.

"बेस झाला," ते म्हणाले. "येक डोळा शत्रूवर, येक रांगेवर. बँकेत असंच लागतं."