घरघर आणि टकटक

घरातलं यंत्र आवाज करू लागलं की आपल्याकडे दोन उपाय ठरलेले असतात. एक, त्याला चापट मारायची. दोन, उचलून दुकानात न्यायचं. या दोन्हींच्या मध्ये एक पायरी आहे: आवाज नीट ऐकणं. तिला पैसे लागत नाहीत की हत्यारं लागत नाहीत, तरी ती बहुतेक वेळा गाळली जाते.

गेल्या पावसाळ्यात आमच्या डोलवीच्या घरातला संगणक घरघरू लागला. सुरू केला की पाच मिनिटांत गिरणी चालू झाल्यासारखं वाटायचं. अम्मी पलीकडच्या खोलीतून विचारायची, "ते बंद कधी होणार?" दुकानातल्या मुलाने फोनवरच निकाल दिला: "जुना झालाय, नवीन घ्या." पण हा संगणक अब्बांचा. अब्बांना जाऊन चार वर्षं झाली. निवृत्तीनंतर त्यांनी आमच्या कोकणी मुसलमानांच्या बोलीतले शब्द जमवायला घेतले होते. खाडीचे, होडीचे, माशांचे, लग्नघरातल्या रिवाजांचे. ही बोली घरात बोलली जाते, छापली फार कमी जाते. ती यादी याच संगणकात होती, तीही युनिकोड रुळण्याआधीच्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेली. दुसरी प्रत कुठेच नव्हती. तेव्हा आधी स्वतः बघायचं ठरवलं.

डोलवीचं नाव बाहेर पोलादाच्या कारखान्यामुळे माहीत आहे. इथे आवाजावरून यंत्राची तब्येत ओळखणारी माणसं कमी नाहीत. त्याआधीपासून आमच्या समाजातले कितीतरी लोक बोटीवर गेले, त्यांतले काही इंजिन रूममध्ये. माझे एक चाचा त्यांतलेच. त्यांनी संगणक कधी उघडला नाही, पण फोनवर पहिला प्रश्न बरोबर विचारला: "बेटा, आत फिरतंय काय काय, ते आधी मोज."

मोजायला गेलं तर फारसं काही निघत नाही. आपण ज्या पेटीला सरसकट 'सीपीयू' म्हणतो, तिच्यात शेकडो भाग असतात, पण हलणारे मोजकेच. प्रोसेसरच्या डोक्यावरचा पंखा, पेटीचा मागचा पंखा, वीजपुरवठ्याच्या डबीतला पंखा, आणि जुन्या संगणकात हार्ड डिस्क. असलाच तर सीडीचा ड्राइव्ह आणि ग्राफिक्स कार्डचा पंखा. आवाज यांच्यातूनच येणार, किंवा यांच्या कंपनाने थरथरणाऱ्या पत्र्यातून. म्हणून आधी पेटीच्या बाजूच्या झाकणावर हात दाबून बघावा. आवाज कमी झाला तर स्क्रू सैल आहे, एवढाच अर्थ.

चाचा सांगत होते, बोटीवर बेअरिंग तपासायचं तर लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक यंत्राच्या अंगावर टेकवायचं आणि मूठ कानाजवळच्या हाडाला लावायची. बिघडलेल्या बेअरिंगचा आवाज वेगळा पडतो. संगणक उघडा ठेवून चालू असताना आत लोखंड घालणं धोक्याचं, म्हणून मी जुन्या कॅलेंडरच्या पानाची सुरळी केली. एक टोक कानाला, दुसरं एकेका पंख्याकडे, पात्यांपासून थोडं दूर. घरघर प्रोसेसरच्या पंख्याची होती, त्यात शंका राहिली नाही.

त्या पंख्याखाली ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्यांचा ठोकळा असतो, त्याला हीट सिंक म्हणतात. प्रोसेसरची उष्णता त्यात चढते आणि पंखा ती हवेत सोडतो. आमच्याकडे महामार्गाची धूळ, शेताकडून येणारा कचरा आणि खाडीची दमट हवा एकत्र येतात. कोरडी धूळ उडून जाते, पण ओली धूळ बसते आणि नमद्यासारखी घट्ट होते. पट्ट्या बुजल्या की प्रोसेसर तापतो, तापला की पंखा वेग वाढवतो, वेगाने फिरला की आणखी धूळ ओढतो. म्हणजे पंखा ओरडत असतो खरा, पण दुखणं त्याच्या खालच्या ठोकळ्याचं असतं.

साफसफाई अवघड नाही, पण क्रम पाळावा. प्लग भिंतीतून काढायचा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. दोन मिनिटं थांबून पेटीच्या उघड्या धातूला हात लावायचा, म्हणजे अंगातली स्थिर वीज निघून जाते. मग कोरडा मऊ पेंटब्रश. ब्लोअर वापरायचा तर पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवायचं. हवेच्या झोतात ते भलत्याच वेगाने फिरलं तर बेअरिंग खराब होतं. पंखा ठोकळ्यासकट काढलाच, तर खालची वाळलेली थर्मल पेस्ट पुसून नवी लावायची, मुगाच्या दाण्याएवढी पुरे.

तरीही पंखा कुरकुरत असेल तर बेअरिंगचं तेल सुकलेलं असतं. स्वस्त पंख्यांत बहुधा साधी नळीसारखी बेअरिंग असते आणि तिचं तेल काही वर्षांत संपतं. पंख्याच्या मागचा स्टिकर हळूच उचलून एक थेंब शिलाई मशीनचं तेल सोडलं की पंखा काही महिने गप्प राहतो. अम्मीच्या मशीनच्या खणातली कुपी कामाला आली. खोबरेल तेल मात्र घालू नये. ते थंडीत थिजतं, नंतर चिकट होतं, आणि पंखा पहिल्याहून लवकर अडकतो.

हात कुठे थांबवायचा हेही इथेच सांगते. वीजपुरवठ्याची डबी, जिला दुकानदार एसएमपीएस म्हणतात, ती घरी उघडायची नाही. २३० व्होल्टची वीज आत गेल्यावर तिथल्या कपॅसिटरमध्ये ३०० हून जास्त व्होल्ट साठतात आणि प्लग काढल्यावरही काही वेळ तसेच राहतात. तिचा पंखा वाजत असेल तर बाहेरून धूळ काढा, नाहीतर डबीच बदला.

झाकण लावलं, संगणक सुरू केला. घरघर गेली होती. अम्मी दारात येऊन बघून गेली. आणि त्या शांततेत दुसरा आवाज ऐकू आला. टक, टक. मध्ये खंड, पुन्हा टक, टक. तो आधीपासून असणार. पंख्याच्या गोंगाटाखाली तो ऐकूच येत नव्हता.

तो हार्ड डिस्कचा होता. नेहमीच्या हार्ड डिस्कमधल्या तबकड्या मिनिटाला ७२०० वेळा फिरतात, म्हणजे सेकंदाला १२० फेरे. त्यांच्यावर माहिती वाचणारं टोक तबकडीला न टेकता तरंगतं आणि मधलं अंतर फक्त काही नॅनोमीटर असतं. माणसाचा केस त्या अंतराच्या हजारो पट जाड. टोकाला आपली जागा सापडली नाही की ते मागे येतं आणि पुन्हा प्रयत्न करतं. हीच ती टकटक. पंख्याची घरघर महिनोन्‌महिने चालू शकते. हार्ड डिस्कची टकटक किती दिवस चालेल, कोणीही सांगू शकत नाही.

मी लगेच संगणक बंद केला. अशा वेळी डिस्क चालू ठेवणं म्हणजे तिचं उरलेलं आयुष्य खर्च करणं. तपासणीचे प्रोग्राम चालवत बसू नये, तेही डिस्कला राबवतात. फ्रीजरमध्ये ठेवण्याचा एक जुना सल्ला फिरत असतो. कोकणातल्या हवेत गार डिस्क बाहेर काढली की तिच्यावर पाणी धरणार, मग काय वाचायचं? डिस्क उघडून बघण्याचा तर विचारही नको. जिथे नॅनोमीटरचा हिशेब आहे, तिथे धुळीचा एक कण पुरतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी संगणक पुन्हा सुरू केला तो पेन ड्राइव्ह हातात घेऊनच. काय आधी वाचवायचं ते रात्री कागदावर लिहून ठेवलं होतं. सगळ्यात वर अब्बांची यादी आणि तिचा फाँट, कारण फाँटशिवाय ती नुसती चित्रविचित्र अक्षरं दिसते. मग घराची कागदपत्रं, मग फोटो. गाणी आणि सिनेमे शेवटी. यादी लगेच आली. कागदपत्रं आली. फोटो निम्मे झाले असताना टकटक वाढली आणि डिस्क दिसेनाशी झाली. उरलेले फोटो गेले. त्यातले काही लोकांच्या फोनमधून परत जमवते आहे.

यंत्र दुरुस्त करण्याच्या हक्काची चर्चा आता जगभर आहे. फ्रान्समध्ये जानेवारी २०२१ पासून लॅपटॉप आणि मोबाइलसारख्या काही वस्तूंवर ती किती सहज दुरुस्त होते याचा गुण छापावा लागू लागला. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये यासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये एक पोर्टल सुरू केलं. हे चांगलंच आहे. दुकानातल्या मुलाचा सल्ला ऐकून मी जुनी पेटी तशीच भंगारात दिली असती, तर यादीही तिच्याबरोबर गेली असती.

आता त्या पेटीत एसएसडी बसवली आहे. तिच्यात काहीच फिरत नाही, म्हणून ती वाजतही नाही. चाचांना हे सांगितलं तेव्हा ते जरा गप्प झाले. मग म्हणाले, "म्हणजे ती मरताना आवाजही करणार नाही." खरं आहे. एसएसडी बहुधा न सांगताच जाते. म्हणून यादी आता तीन ठिकाणी आहे: संगणकात, पेन ड्राइव्हवर, आणि भावाकडे मुंबईत. मी ती हळूहळू युनिकोडमध्ये उतरवते आहे. रोज वीस-पंचवीस शब्द होतात. अम्मी शेजारी बसते, आणि अब्बांनी चुकीचा अर्थ लिहिलाय असं वाटलं की तिथल्या तिथे भांडते.

तुमच्या घरीही अशी एखादी फाइल असेल. कोणाच्या हाताची, एकाच पेटीतली. पेटी वाजत असो वा नसो, या रविवारी तिची एक प्रत काढा आणि ती दुसऱ्या घरात ठेवा.