एकच गोळी, दोन मेंदू

सोलापूरच्या शुक्रवार पेठेत राहणाऱ्याला रात्रपाळी म्हणजे काय हे वेगळं सांगावं लागत नाही. हे चादरी आणि टॉवेलांचं, यंत्रमागांचं गाव. पहाटेच्या वेळी ताण्यातला एक धागा तुटला आणि पेंगुळलेल्या डोळ्यांना दिसला नाही, तर माग थांबत नाही. कापडात उभी रेघ पडत जाते. म्हणूनच झोप उडवणाऱ्या औषधांचा विषय मला परका वाटत नाही. त्यांच्याबद्दलचा एक समज मात्र मला धोक्याचा वाटतो: शेजाऱ्याला गोळी लागू पडली, म्हणजे मलाही पडेल.

झुरिक विद्यापीठातल्या संशोधकांनी 2009 साली प्रसिद्ध केलेला प्रयोग या समजाच्या मुळावरच येतो. त्यांनी 22 निरोगी तरुणांना सलग 40 तास जागं ठेवलं आणि मोडाफिनिल हे झोप उडवणारं औषध दिलं. हे तरुण एका जनुकावरून निवडलेले होते. त्या जनुकापासून बनणारं सीओएमटी नावाचं विकर मेंदूच्या पुढच्या भागात डोपामिन या संदेशवाहक रसायनाचा निचरा करतं. त्याच्या एका प्रकारात एका जागी व्हॅलिन हे अमिनो आम्ल असतं, दुसऱ्यात त्याच जागी मेथिओनिन. व्हॅलिनवालं विकर जोमाने काम करतं, मेथिओनिनवालं संथपणे. आईवडील दोघांकडून व्हॅलिनचा प्रकार आलेल्यांची एकाग्रता आणि निर्णयक्षमता गोळीने जागरणभर टिकली. दोन्हीकडून मेथिओनिन आलेल्यांना तिचा फारसा उपयोग झाला नाही. गोळी तीच, मात्रा तीच. मोडाफिनिल डोपामिन परत शोषून घेणारी वाट अडवतं. पण मेंदूच्या त्या भागात अशा वाटा मुळातच कमी, म्हणून तिथे निचऱ्याची भिस्त बरीचशी सीओएमटीवर असते. जनुकाचा फरक तिथेच जाणवावा, हे मला पटतं.

यावर पहिला आक्षेप: 22 जण म्हणजे फार थोडे, त्यातही सगळे पुरुष. आक्षेप रास्त आहे, आणि म्हणूनच जनुक तपासून गोळी ठरवा असं मी म्हणणार नाही. पण कॅफीनच्या बाबतीतही वेगळ्या जनुकांकडून असाच पुरावा मिळतो. मेंदूत झोपेची ओढ निर्माण करणाऱ्या ॲडेनोसिनच्या ग्राहकाचं जनुक चहा-कॉफीने कोणाची झोप मोडेल याच्याशी जोडलेलं दिसतं, तर यकृतातल्या एका विकराचं जनुक कॅफीन किती वेगाने पचेल यावर परिणाम करतं. ‘आमच्याकडे रात्री चहा घेऊनही सगळे गाढ झोपतात’ असं म्हणणारी घरं खोटं बोलत नाहीत.

दुसरा आक्षेप जास्त घातक आहे: लागू पडत नसेल तर मात्रा वाढवा. डोपामिन जितकं जास्त तितकी बुद्धी तल्लख, असं नसतं. मेंदूच्या पुढच्या भागाला ते कमी पडूनही चालत नाही आणि जास्त होऊनही. डोकेदुखी, निद्रानाश आणि क्वचित अंगावर उठणारं गंभीर पुरळ हे धोके मात्र राहतातच. मोडाफिनिल डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी आहे ती उगाच नाही. आणि ज्यांना ते रीतसर दिलं जातं, त्यांचं काय? पाळीच्या कामामुळे झोपेचा विकार जडलेल्या 209 जणांवरच्या 2005 सालच्या चाचणीत, रात्री झोप लागायला सरासरी 2.1 मिनिटं लागत होती, ती औषधाने 3.8 झाली. 5 मिनिटांच्या आत झोप लागणं म्हणजे अतिझोपाळूपणा. म्हणजे गोळी घेऊनही ही माणसं पेंगतच होती. रात्रपाळीच्या कामगाराला मालकाने आधी द्यायला हवी ती पाळ्यांची सलग, आधी कळणारी आखणी आणि दिवसा झोपायला पुरेसे तास. गोळीचा विचार त्यानंतर, डॉक्टरांसमोर बसून.