पाणी प्यालेली गाडी

आमच्या घरात मोटारीचं ज्ञान भरपूर. मोटार मात्र कधी नव्हती. अब्बांची सगळी नोकरी एसटीच्या वर्कशॉपमध्ये मिस्त्री म्हणून गेली. रस्त्यावरून बस गेली की जेवता जेवता ते सांगत, हिचा क्लच घासतोय, हिचा पंप दुरुस्तीला आलाय. आम्ही पोरं हसायचो. आम्हा उंब्रजकरांचा प्रवास लाल डब्ब्याने, आणि डब्बा चुकला की वडापने. वडापच्या जीपमध्ये मागच्या बाकावर आठ माणसं, मांडीवर कुणाचं तरी पोर आणि पायाशी मेथीच्या जुड्या, हे मी कॉलेजपासून सोसत आले.

२०२१ च्या दिवाळीच्या सुमाराला एसटीचा संप सुरू झाला आणि तो एप्रिल २०२२ पर्यंत लांबला. अब्बांचं मन संपकऱ्यांकडे होतं, आणि मला रोज कराडच्या उर्दू शाळेत साडेदहाच्या आत पोचायचं होतं. त्यात अम्मीच्या गुडघ्यांमुळे महिन्यातून दोनदा दवाखान्याची खेप. त्या हिवाळ्यात गाडी घ्यायची असं ठरलं. पैसे जमायला मात्र २०२३ चा मे महिना उजाडला.

शिक्षकाला बँक हसत कर्ज देते, पगाराची स्लिप दाखवली की काम झालं. पण व्याजाची गाडी दारात नको, असं अम्मीचं म्हणणं होतं आणि माझंही. यावर आपल्यात निरनिराळी मतं आहेत, तो वाद इथे घालत नाही. शाळेतल्या आम्हा बाराजणींची भिशी होती, माझी थोडी शिल्लक होती. मिळून साडेतीन लाखांच्या आत काय बसतं ते पाहायचं होतं, म्हणजे अर्थातच सेकंडहँड. आणि सेकंडहँड गाडीला कुणी हमी देत नाही. ते साडेतीन लाख एका गाडीत बुडाले असते, तर दुसऱ्यांदा जमवायला मला सहा-सात वर्षं लागली असती.

डिझेलच का, असं पुष्कळांनी विचारलं. २०१२ च्या आसपास पेट्रोल आणि डिझेल यांत लिटरमागे वीस ते तीस रुपयांचा फरक होता. त्या काळात ज्याला त्याला डिझेलची छोटी गाडी हवी होती. ऑक्टोबर २०१४ मध्ये सरकारने डिझेलच्या दरावरचं नियंत्रण काढलं, फरक कमी होत गेला. मग बीएस-६ चे नियम आले आणि १ एप्रिल २०२० पासून मारुतीने तर डिझेल गाड्या काढणंच बंद केलं. म्हणून त्या सुगीच्या दिवसांतल्या गाड्या आता दुसऱ्या-तिसऱ्या हातात फिरताहेत. ज्याचं रोजचं जाणं-येणं दहा किलोमीटरच्या आत आहे त्याने डिझेलच्या वाटेला जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. थोडं थोडं चालवलं की इंजिन नीट तापत नाही, काजळी साचते, आणि इंधनात वाचवलेले पैसे मिस्त्री घेऊन जातो. माझं जाऊन-येऊन चाळीसच्या घरात होतं. शिवाय अब्बांना डिझेल कळतं. पेट्रोलच्या इंजिनाला ते शिवणयंत्र म्हणतात.

अब्बांची पहिली अट अशी की गाडी सकाळी पाहायची, आणि मालकाला आधी सुरू करू द्यायची नाही. पोचल्या पोचल्या ते बॉनेटवर तळहात ठेवत. गरम लागलं की कपाळाला आठी. तापलेलं इंजिन आपले दोष झाकतं. थंड इंजिन सुरू होताना सगळं सांगून टाकतं. चावी अर्धी फिरवायची, कॉइलचा दिवा विझू द्यायचा, मग स्टार्टर. त्या वेळी मी मागे धुराजवळ उभी. क्षणभर धूर आला तर हरकत नाही. पण काळा येत राहिला तर डिझेल नीट जळत नाही. इंजेक्टर, टर्बोचा फाटका पाइप, नाहीतर तुंबलेला ईजीआर. निळसर असेल तर इंजिन ऑइल पितंय. पांढरा धूर इंजिन तापल्यावरही थांबला नाही तर पाणी आत शिरत असावं, अशा वेळी हेडचं काम निघतं आणि आपण सलाम करून निघायचं.

मग ऑइलचं झाकण. इंजिन चालू ठेवून ते अलगद उघडायचं. आतून धूर भसाभसा फुंकला, झाकण उडू लागलं, तर मिस्त्री लोक म्हणतात बॅक कॉम्प्रेशन मारतंय, म्हणजे पिस्टनच्या रिंगा गेल्या. झाकणाच्या आत चहाच्या सायीसारखा चिकट थर दिसला तर ऑइलमध्ये पाणी मिसळलंय की काय, याची आधी खात्री करायची. ईजीआर वाल्वचं मला अब्बांनी फार सोपं करून सांगितलं. धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात पाठवणारी ती झडप. हवा कमी बिघडावी म्हणून बसवलेली. धुरासोबत काजळीही परत येते आणि काही वर्षांनी नळीचा गळा आवळते. मग गाडी चढाला दम सोडते. ती झडप साफ करता येते. तेवढ्यासाठी गाडी नाकारायची नसते. टर्बो मात्र महाग. त्याची बारीक शिट्टी चालते, किंचाळणं चालत नाही.

फियाटने घडवलेलं १२४८ सीसीचं इंजिन मारुती, टाटा आणि फियाट या तिघांच्या छोट्या गाड्यांत बसलं, म्हणून आपल्याकडे जुन्या बाजारात तेच सगळ्यात जास्त भेटतं. त्याला टायमिंगचा पट्टा नाही, चैन आहे. चैन टिकाऊ, पण ऑइल वेळेवर न बदलणाऱ्याच्या हातात ती सैल होते, आणि थंड इंजिन सुरू होताना पहिले दोन-चार सेकंद खळखळते. पुढे आवाज विरतो. मालक तेवढ्यात रेडिओ लावतो.

पहिल्यांदा पाहिलेली गाडी ‘डॉक्टरची, सिंगल हँड’ होती. सेकंडहँडच्या बाजारात इतक्या डॉक्टरांच्या गाड्या आहेत की आपल्या दोन जिल्ह्यांत आजारी कुणी उरू नये! मीटर बावन्न हजार दाखवत होतं, आणि ब्रेकच्या पायट्याचं रबर पार गुळगुळीत झालेलं. मी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरचा जुना कागद मागितला. त्यावर चार वर्षांपूर्वीच एक लाख दहा हजारांचं रनिंग लिहिलं होतं. एजंटने तो कागद माझ्या हातातून हळूच काढून घेतला.

दुसरी गाडी मिरजेकडच्या एका ओळखीच्या एजंटाची. आपलाच माणूस, नमाजी, अब्बांना चचा म्हणणारा. गाडी चकचकीत, सीटकव्हर नवी, किंमत बाजारापेक्षा चाळीस हजारांनी कमी. अम्मीला वाटलं, आपल्या माणसाचा माल एवढा काय चाचपायचा. इंजिन खरंच चांगलं वाजलं. पण आत बसताच अब्बांनी काचा वर घ्यायला सांगितल्या आणि नाक ओढलं. अत्तराच्या वासाखाली दमट गोधडीचा वास होता. त्यांनी मला सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढायला लावला. रोज दिसणारा भाग स्वच्छ. आतला, गुंडाळलेला राहणारा हातभर भाग पिवळट, त्यावर गाळाची सरळ रेघ. सीटच्या खालच्या रुळांवर गंज. डिकीतली स्टेपनी उचलली तर खोबणीच्या कोपऱ्यात वाळलेली करडी माती, बोटाने चुरली की पिठासारखी. अब्बा सावकाश म्हणाले, “बेटा, ये गाडी पानी पियेली है.”

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेने ५७ फुटांची पातळी ओलांडली. जुलै २०२१ मध्ये पुन्हा पूर आला. आमच्या उंब्रजला तारळी कृष्णेला मिळते, पाणी चढताना आम्हीही पाहतो. पण सांगलीच्या गल्ल्यांत आठवडाभर उभ्या राहिलेल्या गाड्यांचं काय झालं असेल, हा विचार मी त्या डिकीपाशी पहिल्यांदा केला. इंजिन खोलून धुता येतं. वायरिंगच्या जोडांत शिरलेलं पाणी मात्र वर्ष-दोन वर्षांनी उठतं; रात्री हायवेला दिवे जातात, एअरबॅग उघडायची तेव्हा उघडत नाही.

एजंटाने नाकारलं नाही. “चचा, मैं भी फँस्याच ना. मेरेकू भी कोई बोल्या नै,” असं म्हणाला. त्याने ती दुसऱ्या एजंटाकडून घेतली होती. मूळ मालक कुणी सांगलीचा, ज्याचं घर-दुकान दोन्ही पाण्यात गेलं. मला त्या मालकाचा राग येईना. खरं म्हणजे एजंटाचाही पुरता येईना. पूर काही त्यांनी आणला नव्हता.

घरी येताना मला सही मुस्लिममधली हजरत अबू हुरैरा (रजि.) यांनी सांगितलेली हदीस आठवली. बाजारात पैगंबर (स.) धान्याच्या एका ढिगाशी थांबले, हात आत घातला, तर बोटांना ओल लागली. विकणाऱ्याने पावसाचं कारण सांगितलं. त्यावर, मग ओलं धान्य वर का ठेवलं नाहीस, लोकांना दिसलं असतं, असं त्यांनी विचारलं आणि फसवणारा आपला नव्हे असं बजावलं. ही हदीस आपण मुलांना वजन-मापाच्या धड्यासारखी शिकवतो. मी स्वतः कितीदा शिकवली आहे. सांगलीची गाडी पाहिल्यावर त्यातल्या दोन गोष्टी माझ्या नव्याने ध्यानात आल्या. एक म्हणजे ढिगात हात घालणं हा संशयखोरपणा नव्हे. अम्मीला मी तेच सांगितलं. दुसरी म्हणजे, त्या माणसाला धान्य विकू नकोस असं म्हटलेलं नाही, नुकसान एकट्याने सोस असंही नाही. फक्त ओल वर ठेवायला सांगितलं. ओल्या मालाला ओल्याचा भाव येईल, आणि घेणारा जाणून घेईल. पुरातली गाडीसुद्धा पुरातली म्हणून विकता येते. शेतात डिझेल-पाइप वाहायला कुणी स्वस्तात नेईलही.

आपल्या फिकहमध्ये याला खयारे-ऐब म्हणतात. लपलेला ऐब नंतर उघड झाला तर घेणाऱ्याला माल परत करण्याचा हक्क असतो. १९३० चा मालविक्री कायदा काही अपवाद सोडता ‘घेणाऱ्याने पाहून घ्यावं’ या बाजूचा आहे. म्हणूनच एजंटांच्या स्टँप पेपरवर ‘जशी आहे तशी, नंतर तक्रार चालणार नाही’ हे वाक्य छापील असतं. हनफी मतात अशी अट चालते. पण माहीत असलेला दोष दडवण्याचं पाप त्या वाक्याने धुतलं जात नाही, हे आपले उलेमाही सांगतात.

मी त्या एजंटाला फोन करून हे बोलले. पूर सांगून विक, पुढच्या एजंटाकडे भांड, पण सांग. तो ऐकून घेत होता. पंधरा दिवसांनी दुसऱ्या कामासाठी फोन झाला तेव्हा कळलं, गाडी कडेगावकडे गेली. सांगून दिलीस का, असं मी विचारलं. “उन्होने पुछ्याच नै,” म्हणाला.

तिसरी गाडी मसूरच्या एका निवृत्त शिक्षकांची. कंपनीचं नाव इथे महत्त्वाचं नाही. गुरुजींनी चहा होण्याआधीच सांगितलं, सकाळी चैन वाजते, डावा पुढचा दरवाजा घासला होता तो रंगवलाय, चढाला थोडी जड वाटते. अब्बांनी तरीही सगळं पाहिलं. सीटबेल्ट ओढला, स्टेपनी उचलली, कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक दरवाज्यांवरून फिरवलं. जिथे पत्र्यावर लांबी भरलेली असते तिथे ते धरत नाही. डाव्या दरवाज्याशिवाय सगळीकडे धरलं. चाफळच्या रस्त्यावर चढाला तिसऱ्या गिअरमध्ये चालवली. इंजिन ओरडलं आणि वेग वाढला नाही, असं झालं नाही, म्हणजे क्लच शाबूत. गुरुजींना वाईट वाटलं नाही. ते शेतकऱ्याचे मुलगे. बैलाचे दात मोजल्याशिवाय पुसेगावच्या यात्रेत व्यवहार होत नाही, म्हणाले.

चैनचा खर्च त्यांनी किमतीतून वजा केला. रंगवलेल्या दरवाज्याबद्दल अब्बा आणखी पाच हजार कमी करा म्हणू लागले, तेव्हा मीच त्यांना थांबवलं. माणसाने आपणहून सांगितलेल्या दोषावर पुन्हा घासाघीस करणं मला बरं वाटेना. अब्बा त्यावरून दोन दिवस माझ्याशी तुटक बोलत होते.

कागद मी पाहिले. परिवहनच्या अ‍ॅपवर नंबर टाकून मालक कितवा, विमा आणि पीयूसी कधीपर्यंत, बँकेचा बोजा आहे का. बोजा २०१९ मध्येच उतरला होता, पण आरसीवर तसाच होता. गुरुजींनी बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५ देऊन तो काढून घेतला, मगच पैसे दिले. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या त्याच दिवशी केल्या. नावावर करायला घेणाऱ्याला तीस दिवसांची मुदत असते, आणि विमा आपल्या नावावर करायला चौदा दिवसांची. लोक हे दुसरं विसरतात. गाडी एमएच-५० चीच असल्यामुळे दुसऱ्या आरटीओच्या एनओसीची भानगड नव्हती.

चैन आणि ईजीआरचं काम अब्बांनी उंब्रजच्या गॅरेजमध्ये स्टुलावर बसून करून घेतलं. जुनी चैन नव्या चैनीशेजारी ठेवून तिचा ताण त्यांनी मला दाखवला, बोटाच्या पेराएवढाही नव्हता. महिन्याभराने गुरुजींचा फोन आला, आवाज गेला का विचारायला.