कोपऱ्यातला खर्ज

स्पीकर घेताना लोक वॅट विचारतात. त्या वॅटचं पुढे काय होतं, याची चौकशी मात्र फारशी होत नाही. नेहमीच्या पेटीला 100 वॅट दिले तर त्यातला जेमतेम एखादा वॅट आवाज होऊन बाहेर पडतो. बाकीचे कॉइल तापवण्यात जातात. नीट बांधलेला बेस-हॉर्न त्याच 100 वॅटमधून 10 आणि कधी त्याहूनही जास्त वॅटचा आवाज काढतो. जास्तीची ऊर्जा कुठून येत नाही, वाया जाणारी तेवढी कामाला लागते.

कागदाचा बोळा जोर लावून फेकून बघा. हातातला जोर हातातच राहतो, बोळा दोन हातांवर पडतो. स्पीकरच्या कोनची उघड्या हवेत हीच गत होते. तो जड, हवा हलकी; खर्जाच्या स्वरांना तर कोनने ढकललेली हवा सरळ बाजूला सरकते. हॉर्नच्या अरुंद गळ्यात तिला बाजूला सरकायला जागा नसते. कोनला टेकायला काहीतरी मिळतं, तिथे दाब तयार होतो आणि वाट हळूहळू रुंदावत गेली की तोच दाब मोठ्या तोंडातून खोलीभर पसरतो. यात कोनला हलावंही कमी लागतं, म्हणून आवाज स्वच्छ राहतो. हॉर्न घरी बांधण्याचं खरं कारण मोठा आवाज नसून हा स्वच्छपणा आहे, असं माझं मत आहे.

हे ज्ञान जुनं आहे. हॉर्नचं मूळ समीकरण भौतिकशास्त्रज्ञ वेबस्टर यांनी 1919 मध्ये प्रसिद्ध केलं. व्हिक्टर कंपनीच्या 1925 च्या ऑर्थोफोनिक ग्रामोफोनमध्ये विजेशिवाय चालणारा, लाकडी कपाटात दुमडून बसवलेला हॉर्न होता. पण त्याच वर्षी राइस आणि केलॉग या अभियंत्यांनी आज घरोघरी दिसतो तसा थेट कोनचा स्पीकर जगापुढे आणला. पुढे अॅम्प्लिफायरचे वॅट स्वस्त होत गेले आणि हॉर्न घरातून थिएटरात आणि मैदानात गेला. त्याला घरात टिकवून धरलं ते पॉल क्लिप्श यांनी. अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यात, होप नावाच्या लहानशा गावी 1946 मध्ये त्यांनी कंपनी काढली. त्यांचा मूळ ‘क्लिप्शहॉर्न’ खोलीच्या कोपऱ्यात बसायचा आणि कोपऱ्याच्या दोन भिंतींनाच हॉर्नचा शेवटचा भाग करून घ्यायचा.

कोपराच का, हे आकडेमोडीतून कळतं. समजा, आपल्याला 40 हर्ट्झपर्यंत उतरायचं आहे. बेस गिटारची सर्वांत खालची तार 41 हर्ट्झला बोलते. 40 हर्ट्झची तरंगलांबी 8.6 मीटर. मोकळ्या हवेत हॉर्नच्या तोंडाचा परीघ साधारण तेवढा हवा, म्हणजे तोंडाचं क्षेत्रफळ जवळपास 6 चौरस मीटर. तीन दारं एकमेकांना लावून ठेवावीत एवढं! आता तोच हॉर्न जमिनीवर ठेवला की निम्मं तोंड पुरतं. भिंतीला टेकवला की पाव. कोपऱ्यात सरकवला की एक अष्टमांश, म्हणजे 0.74 चौरस मीटर, साधारण 8 चौरस फूट.

लांबीही घटते. 40 हर्ट्झच्या घातांकी हॉर्नमध्ये दर 47 सेंटिमीटरला आतल्या वाटेचं क्षेत्रफळ दुप्पट व्हावं लागतं. 350 चौरस सेंटिमीटरच्या गळ्यापासून सुरुवात केली तर मोकळ्या हवेसाठी साडेतीन मीटर लांबी लागते, कोपऱ्यासाठी 2.1 मीटर. घड्या घालून ही लांबी पेटीत मावते. तोंडाची मात्र घडी घालता येत नाही. ते कोपराच देतो. मंडपवाल्याकडचा जुना डब्ल्यू-बिन (घडीच्या हॉर्नचा बेसचा डबा) स्वस्तात मिळाला म्हणून हॉलमध्ये आणणाऱ्यांची निराशा होते ती यामुळेच. मिरवणुकीत तसे चार-सहा डबे एकमेकांना चिकटून असतात, त्यांची तोंडं मिळून एक मोठं तोंड होतं. एकटा डबा खाली उतरतच नाही, नुसता घुमतो.

या बाबतीत आपली घरं अमेरिकन घरांपेक्षा उजवी आहेत. तिथल्या लाकडी सांगाड्यावरच्या जिप्समच्या भिंती खर्जाबरोबर थरथरतात आणि त्यातला काही भाग खाऊन टाकतात. आपली विटांची किंवा काँक्रीटची भिंत हलत नाही. अडचण असते ती वेगळी: कोपऱ्यात पुढे आलेला कॉलम, बाल्कनीचं सरकतं दार आणि स्कर्टिंग. अर्ध्या इंचाच्या स्कर्टिंगमुळे पेटी भिंतीपासून दूर राहते आणि भिंतीचाच हॉर्न करायचा असेल तर त्या फटीतून खर्ज गळतो. पेटीच्या मागच्या कडेला खाली स्कर्टिंगच्या मापाची खाच घ्यायची आणि वर फोमची पट्टी लावायची, एवढं पुरतं.

स्पीकर निवडताना गाडीतल्या सबवूफरचा मोह टाळावा. त्याचा कोन जड असतो आणि तो लांबवर हलण्यासाठी घडवलेला असतो. हॉर्नला हवा मोठ्या मॅग्नेटचा, हलक्या पण ताठ कागदी कोनचा बारा किंवा पंधरा इंची स्पीकर, ज्याच्या माहितीपत्रकातला क्यूटीएस (Qts) हा आकडा 0.3 च्या आसपास असेल. त्याच्या पाठीमागे बंद खोली लागते. वरच्या उदाहरणात ती सुमारे 48 लिटरची येते. हे माप हवेवर सोडून चालत नाही. गळ्यातल्या हवेचं वजन तळच्या स्वरांना आडवं येतं, ते मागच्या बंद हवेची स्प्रिंग तोलून धरते.

लाकूड म्हणून 18 मिलिमीटरचा चांगला प्लाय घ्यावा. कापल्यावर कडेला पोकळी दिसली तर तो तुकडा आतल्या फळ्यांना वापरू नये. पेटीची आतली रुंदी सगळीकडे सारखी ठेवली की फक्त फळ्यांमधलं अंतर वाढवत न्यायचं असतं आणि सुताराचं काम सोपं होतं. हॉर्नची वक्र रेषा सरळ फळ्यांच्या तुकड्यांनी साधली तरी चालते. घडीच्या कोपऱ्यांचीही धास्ती नको: 300 हर्ट्झलाही तरंगलांबी मीटरभराहून जास्त असते, तिला वीतभराचं वळण जाणवत नाही.

कसोटी लागते ती शेवटची बाजू बंद करताना, कारण त्यानंतर आत हात जात नाही. आतल्या सगळ्या फळ्यांच्या कडांना खडू फासायचा, बाजूची फळी वर दाबून ठेवायची आणि उचलून बघायची. जिथे खडूची रेघ तुटली तिथे फट आहे. ती रंध्याने किंवा पट्टी चिकटवून काढल्याशिवाय फेव्हिकॉलला हात लावू नये. पेटी वाळली की फोनवरून 30 हर्ट्झचा संथ स्वर हळू आवाजात सोडायचा आणि सांध्यांवरून पेटती उदबत्ती फिरवायची. धूर सरळ वर गेला तर सांधा पक्का. तो फुरफुरला की तिथे गळती आहे, कानाला काही कळो वा न कळो.

कागदावरची आकडेमोड डेव्हिड मॅकबीन यांच्या ‘हॉर्नरेस्प’ या मोफत सॉफ्टवेअरमध्ये तपासून घ्यावी. तोंड लहान ठेवलं तर आलेखात डोंगर-दऱ्या कुठे येतील, हे ते प्लाय कापण्याआधी दाखवतं. ठरलेल्या वारंवारतेच्या खाली हॉर्न कोनला आधार देत नाही, कोन मोकाट हलतो. म्हणून तिथे फिल्टर लावावाच. आणि शेजाऱ्यांचा विचार करावा. भिंतीला फोम किंवा अंड्यांचे ट्रे चिकटवून 40 हर्ट्झ अडत नाही, तो स्लॅबमधून खालच्या मजल्यावर जातो. सुदैवाने चांगला हॉर्न हळू आवाजातही भरीव वाजतो. घरात तो दोन-चार वॅटच्या पुढे न्यावाच लागत नाही.

सल्ला मागायला येणाऱ्यांना मी नकाशा देत नाही, टेप देतो. दोन्ही भिंती कोपऱ्यापासून निदान चार फूट मोकळ्या असतील, खिडकी-दार आड येत नसेल आणि घरच्यांना तो कोपरा कायमचा सोडायची तयारी असेल, तरच प्लायच्या दुकानात जावं. नसेल तर साधी बंद पेटी बांधावी आणि वाचलेले पैसे चांगल्या स्पीकरवर घालावेत. तोकड्या हॉर्नपेक्षा ती नक्की बरी वाजेल.