बॅग कोणती घ्यावी

जुन्नर-आंबेगावात धूळसुद्धा हंगामाप्रमाणे बदलते. दिवाळीनंतर ऊसतोड सुरू झाली की पेटवलेल्या पाचटाची काजळी ओट्यावर, वाळत घातलेल्या कपड्यांवर उतरते. उन्हाळी कांदा बराखीत पडतो आणि पुढे भाव बघून निवडायला काढला की त्याचे पापुद्रे घरभर फिरतात. गोठ्याजवळ कडबाकुट्टीचा भुसा असतोच. पुणे-नाशिक रस्त्याची माती तर बारा महिने. आमची वस्ती नारायणगावच्या अलीकडे, रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर, त्यामुळे यातलं काहीच आम्हाला चुकत नाही. व्हॅक्यूम क्लीनरची बॅग निवडताना मला हीच माहिती सगळ्यात जास्त उपयोगी पडली, म्हणून आधी ती सांगितली.

मशीन आलं पुण्याच्या नणंदेकडून. आमच्या आईंना, म्हणजे सासूबाईंना, दमा आहे. मी केरसुणी हातात घेतली की त्या पदर नाकाला लावून बाहेर जाऊन बसायच्या. व्हॅक्यूम आल्यापासून त्या घरातच बसतात, वर "त्या कपाटाखाली फिरव की" म्हणून सूचनाही देतात. लक्ष्मीपूजनाला केरसुणीला हळदकुंकू वाहतात, तेव्हा त्यांनी मशीनलाही एक बोट लावलं. मशीनची घरात अशी प्रतिष्ठा झाली आणि बॅगा संपल्या.

नारायणगावात विचारलं, मंचरला विचारलं. मिक्सरच्या भांड्याचं रबर, कुकरची शिट्टी, फवारणी पंपाचं वॉशर, काय हवं ते मिळालं असतं. एक दुकानदार म्हणाले, "वहिनी, बॅग कशाला शोधता, नवीन मशीनच घ्या, बिनबॅगवालं." कंपनीला फोन केला तर आमच्या मॉडेलच्या बॅगा बंद झाल्याचं कळलं. माझा आपला एक समज आहे. आपल्याकडे व्हॅक्यूम क्लीनर दुकानातून कमी आणि दारावरून जास्त खपला. युरेका फोर्ब्स 1982 साली सुरू झाली, तिची टाय लावलेली माणसं शहरांतल्या सोसायट्यांत गालिचा झाडून दाखवत फिरायची. मशीन दारावर मिळायचं, पिशवीही त्याच वाटेने यायची. तालुक्याच्या दुकानात ती ठेवायची सवय लागलीच नाही.

बिनबॅगच्या मशीनचा सल्ला मी तिथल्या तिथे सोडून दिला. त्यातली धूळ डब्यात साठते, आणि डबा रिकामा करताना पुन्हा तोंडावर येते. दम्याच्या माणसाच्या घरात बंद पिशवी उचलून टाकून देणंच बरं.

नवीन शोधायच्या आधी शेवटची जुनी बॅग मी वर्तमानपत्रावर ठेवून कात्रीने फाडली. बॅग भरल्याचा लाल दिवा लागत होता, पण आत बघते तर ती निम्मीही भरलेली नव्हती. कांद्याचे पापुद्रे, केस, एक हुकाचं बटण आणि त्याखाली मुठी-दोन मुठी माती, एवढाच ऐवज. आतून कागदावर मात्र राखाडी-काळा थर बसला होता. बोटाने पुसला तर निघेना. कागदाचा तुकडा ओठांना लावून फुंकर मारली, तर पलीकडे वाराच जाईना.

म्हणजे लाल दिवा पिशवी किती भरली हे सांगतच नाही, हवेची वाट अडली एवढंच सांगतो. पापुद्र्यांनी जागा अडते. काजळीने कागदाची छिद्रं बुजतात, आणि ती बुजायला चिमूटभर काजळी पुरते. म्हणून "पाच लिटरची बॅग" हे वाचून भुलण्यात अर्थ नाही. आमच्यासारख्या घरात बॅग आकाराने भरायच्या आधीच श्वास सोडते.

आमच्या मशीनमध्ये बॅगेतून गाळून आलेली हवाच मोटारवरून जाते आणि तिला थंड ठेवते. बॅग तुंबली की मोटार तापते. बॅग विरळ असली की धूळ मोटारीत जाते आणि मागच्या जाळीतून पुन्हा खोलीत येते. या दोन टोकांच्या मधलं काहीतरी आपल्याला हवं असतं.

पहिल्यांदा मी नारायणगावातल्या शिंप्याकडे गेले. जुनी बॅग पुढे ठेवली, तर त्यांनी ती उलटीपालटी करून विचारलं, "ताई, ही खोळ उशीची का कशाची?" त्यांच्या प्रश्नात तथ्य होतं. अमेरिकेतल्या ओहायोमध्ये जेम्स स्पँग्लर नावाच्या सफाई कामगाराने 1907 च्या सुमारास हाताने फिरवायचा विजेचा झाडू जुळवला, तेव्हा धूळ साठवायला त्याने उशीचा अभ्राच बांधला होता. त्यालाही दमाच होता. पुढच्या वर्षी त्याला पेटंट मिळालं आणि ते हूवर घराण्याने विकत घेतलं. त्यामुळे मी शिंपीदादांना बेधडक सांगितलं, उशीचीच समजा. मांजरपाटाची दुहेरी पिशवी, खाली चेन, तोंडाला जुन्या बॅगेची पुठ्ठ्याची पट्टी.

माती, केस, भुसा यांना ती पिशवी उत्तम होती आणि गोठ्याकडच्या खोलीसाठी मी ती आजही वापरते. पण हंगाम सुरू झाला आणि मशीन ठेवतो तिथल्या पांढऱ्या भिंतीवर, मागच्या जाळीच्या उंचीला, राखाडी पट्टा दिसायला लागला. मांजरपाटातून काजळी सरळ पार होत होती. शिवाय ती चेन उघडून उकिरड्यावर झटकायची म्हणजे वारा पाठीशी घेऊन, नाक बांधून उभं राहायचं. हातांनी गोळा केलेलं हातांनीच उडवायचं! आईंच्या दृष्टीने त्यात काही राम नव्हता.

मग मोबाइलवर शोध. 410504 पिनकोड टाकला की कित्येक विक्रेते आधीच माघार घेतात, पण जे उरतात त्यांच्याकडेही भरपूर प्रकार असतात. कागदी बॅग सगळ्यात स्वस्त. पण काजळीने लवकर तुंबते, आणि पावसाळ्यात ओलसर कचरा ओढला गेला तर तळाला फाटते. दुसरी न विणलेल्या कृत्रिम कापडाची, दुकानदार तिला नॉन-वोव्हन म्हणतात. तिला तीन-चार पदर असतात आणि आतला बारीक तंतूंचा पदर करोनात आपण वापरलेल्या एन-95 मास्कमध्ये असतो त्याच जातीचा. धूळ एकाच पृष्ठावर न थापता पदरापदरांत अडकते, त्यामुळे ओढ जास्त दिवस टिकते. ती महाग पडते, पण आमच्याकडे एक नॉन-वोव्हन बॅग संपेपर्यंत कागदीच्या दोन सहज जातात.

खोक्यावरच्या "हेपा"ला मात्र नीट वाचावं. एच-13 असं लिहिलं असेल तर त्याला माप आहे. युरोपीय मानकाप्रमाणे त्या गाळणीने सगळ्यात कठीण आकाराचे कणही 99.95 टक्के अडवायला हवेत. नुसतं "हेपा टाइप" लिहिलेलं असेल तर ते माप नव्हे. आणि खरी एच-13 गाळणी असली तरी बॅगेच्या तोंडाशी फट राहिली तर धूळ त्या फटीतूनच जाते.

म्हणून माझ्या लेखी बॅगेत सगळ्यात महत्त्वाची तिची पुढची पट्टी. मी जुन्या पट्टीची पेन्सिलने कागदावर आकृती काढली: लांबी, रुंदी, भोकाचा व्यास, कुठे खाच आहे, भोकाभोवती रबर आहे का. मशीनच्या पोटाखालच्या स्टिकरवरचा मॉडेल नंबर त्यावरच लिहिला. विक्रेत्याच्या फोटोतली मापं या कागदाशी ताडून पाहिली. "सगळ्या मशीनला चालेल" म्हणणाऱ्या बॅगा बाजूला काढल्या. त्यांना पुठ्ठ्याची पट्टी आपणच कापायची असते. पिशवी कप्प्यापेक्षा मोठी असेल तर तिला घड्या पडतात आणि घडीने भोकच झाकतं, हेही लक्षात ठेवलं. शेवटी दुसऱ्याच एका कंपनीच्या मॉडेलसाठी बनवलेली, रबरी कडेची नॉन-वोव्हन बॅग आमच्या मशीनला अचूक बसली. पट्टी खाचेत गेल्यावर "टक" असा आवाज आला. पुढच्या हंगामात भिंतीवर पट्टा उमटला नाही.

वापरायची पद्धतही थोडी बदलली. पापुद्रे आणि भुसा आधी हलक्या हाताने केरसुणीने ओट्याच्या कडेला ओढून घेते, आई मागच्या खोलीत असताना. मशीन त्यानंतर, बारीक धुळीसाठी. चुलीची राख मशीनला कधीच दाखवत नाही. आत एखादा निखारा असला तर पिशवी पेट घेईल. भरलेली नॉन-वोव्हन बॅग ग्रामपंचायतीच्या घंटागाडीत टाकते. ती प्लास्टिकच्याच तंतूंची असते, तिला उकिरड्यात किंवा शेकोटीत जागा नाही.

घरात दम्याचं माणूस असेल तर रबरी कडेची नॉन-वोव्हन बॅग घ्या, पैशांकडे बघू नका. नसेल तर धुता येणारी कापडी पुरते. आणि नारायणगाव, मंचर, जुन्नर, घोडेगावच्या दुकानदारांना एक विनंती: आता बंगल्याबंगल्यात ही मशीनं आली आहेत. पंपाच्या वॉशरशेजारी चार मापांच्या बॅगा टांगून ठेवा, गिऱ्हाईक येईल.