अदृश्य किरणांवरील पहारा

भंगार वेचणारी मुले दारावरून जाताना दिसली, की मला दिल्लीच्या मायापुरीची आठवण होते. एका विद्यापीठात वर्षानुवर्षे पडून असलेले गॅमा किरणांचे यंत्र २०१० साली भंगारात विकले गेले. कामगारांनी त्याचे शिशाचे कवच फोडले आणि आतील कोबाल्ट-६० उघडे पडले. कित्येकांना त्याची बाधा झाली. एकाचा तर प्राणच गेला. बिचाऱ्यांना ना काही दिसले, ना कशाचा वास आला.

अशा अदृश्य शत्रूवर पहारा ठेवण्यासाठी भारत सरकारने १९८३ साली अणुऊर्जा नियामक मंडळ स्थापन केले. अणुभट्टी असो वा तालुक्याच्या दवाखान्यातील क्ष-किरण यंत्र, मंडळाच्या अनुमतीवाचून ते चालविता येत नाही. तेथील कामगाराच्या छातीवर एक लहानशी पट्टी असते. त्याच्या अंगावर किती किरण पडले, हे तिच्यावरून कळते. मायापुरीतही मंडळाची माणसे धावून गेली आणि विखुरलेले तुकडे हुडकून ते सुरक्षित स्थळी हलविण्यात आले.

परंतु विकणाऱ्याने विचारलेच नाही, तर दूरच्या पहारेकऱ्याला कळावे कसे? म्हणून वाचकहो, थोडा पहारा आपणही करावा. एखाद्या वस्तूवर ठिपक्याभोवती तीन पाती असलेली खूण दिसली, तर ती फोडू नये, घरी आणू नये. दूर होऊन पोलिसांना कळवावे. गरोदर भगिनीने क्ष-किरण तपासणीपूर्वी डॉक्टरांना तसे सांगावे. मुलांना प्रार्थना शिकविताना एवढी खूणही शिकविली, तर एखाद्या गरिबाचा जीव वाचेल.