पट्टी हिरवी झाली तर

शनिवारची सकाळ, वाफाळता चहा आणि विषय लघवीचा! नाक मुरडू नका मंडळी, घरात लहान मूल असेल तर पाच मिनिटं द्याच.

२०२४च्या जानेवारीत माझ्या भाचीला (वय ६) साधी सर्दी झाली आणि आठवड्याभराने पायांवर लालजांभळे ठिपके उमटले. घोटे सुजले, पोट दुखायला लागलं. ताईला डेंग्यू वाटला. पण प्लेटलेट्स व्यवस्थित होत्या. डॉक्टर म्हणाले एचएसपी, म्हणजे हेनॉख-शोनलाइन पर्प्युरा. २०१२मध्ये तज्ज्ञांनी ठरवलेलं नवं नाव, आयजीए व्हॅस्क्युलायटिस. रक्तवाहिन्यांचा दाह. मुलांमध्ये या जातीतला हाच सगळ्यात जास्त दिसतो. आयजीए हे खरं तर आपलंच संरक्षक प्रथिन, ते बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतीत साचतं. त्वचेत साचलं की ठिपके, आतड्यात साचलं की पोटदुखी. आणि किडनीच्या गाळण्यांत साचलं की... बहुतेक वेळा बाहेरून काहीच दिसत नाही.

गोम इथेच आहे. ठिपके काही आठवड्यांत जातात, पोरगी उड्या मारायला लागते, घरचे विसरतात. आणि साधारण तीनातल्या एका मुलाच्या किडनीला त्याच काळात झळ पोचलेली असते. बहुतेकांना पहिल्या महिना-दीड महिन्यात, आणि जवळजवळ सगळ्यांना सहा महिन्यांच्या आत. रक्तातलं क्रिएटिनिन वाढायची वाट बघणं म्हणजे सर्व्हर पडल्यावर लॉग उघडणं. लघवीत प्रथिन आणि रक्त त्याच्या कितीतरी आधी दिसतं.

त्यामुळे ताईकडे नवा नेम सुरू झाला. दर रविवारी लघवीत पट्टी बुडवायची, साठ आकडे मोजायचे, रंग बघायचा. पिवळा म्हणजे ठीक, हिरवा म्हणजे प्रथिन. नमुना सकाळचा पहिलाच हवा, कारण काही धडधाकट मुलांच्याही लघवीत दिवसभर उभं राहून थोडं प्रथिन उतरतं. बीपीही बघायचं, पण लहान मुलाच्या कफने. मोठ्यांचा ऐसपैस कफ त्या काडीएवढ्या दंडावर गुंडाळला तर आकडा खोटा कमी येतो.

"पोरगी ठणठणीत आहे, कशाला तिच्या मागे लागता?" इति ताईच्या सासूबाई. चुकीचं काय बोलल्या? दिसत तर तसंच होतं. पाचव्या रविवारी पट्टी हिरवी झाली.

लॅबमध्ये प्रोटीन-क्रिएटिनिन रेशो ०.९ आला. ०.२च्या खाली हवा. क्रिएटिनिन, बीपी, सगळं नॉर्मल. मुलांच्या किडनीतज्ज्ञ मॅडमनी काही आठवडे पाहिलं, रेशो हटेना, तेव्हा एनालाप्रिल सुरू केलं. "अहो, पण हे बीपीचं औषध ना? तिचं बीपी तर नॉर्मल आहे!" ताईचा प्रश्न रास्तच होता. मॅडम म्हणाल्या, हे गाळणीच्या आतला दाब उतरवतं, म्हणून प्रथिन गळायचं कमी होतं. मात्र पोटॅशियम तपासत राहायचं, आणि उलट्या-जुलाब झाले तर डोस द्यायच्या आधी फोन करायचा. रेशो २च्या वर गेला असता किंवा क्रिएटिनिन चढलं असतं तर सुईने किडनीचा तुकडा काढून बायोप्सी, मग स्टेरॉइड्स, गरज पडली तर मायकोफेनोलेटसारखी जड औषधं. ती वेळ आली नाही. सप्टेंबरात रेशो ०.२च्या खाली आला. बहुतेक मुलं अशीच सावरतात, पण थोड्यांच्या किडन्या कायमच्या दुखावतात, आणि कोणाच्या ते पहिल्या दिवशी सांगता येत नाही.

मी विचारलं होतं, पहिल्याच दिवशी स्टेरॉइड्स देऊन टाकले असते तर? (इंजिनियर ना, प्रिव्हेंटिव्ह फिक्स हवाच.) तर ब्रिटनमध्ये ३५० मुलांवर हाच प्रयोग झाला, २०१३ साली प्रसिद्ध झाला. वर्षभराने दोन्ही गटांत किडनीच्या बाबतीत फरक नव्हता. पोटदुखीला स्टेरॉइड्सचा उपयोग होतो, किडनी वाचवायला आगाऊ नाही. म्हणजे हे टाळता येत नाही, फक्त वेळेवर पकडता येतं. आणि पकडायचं साधन ती पट्टी.

भाचीची लघवी अजूनही अधूनमधून तपासतात. साठ आकडे मोजायचं काम तिने स्वतःकडे घेतलंय, आणि मध्ये कोणी बोललं की पुन्हा एकपासून सुरू करते! हो, एक राहिलंच. बाटलीचं झाकण घट्ट लावा, पावसाळी दमट हवेत पट्ट्या खराब होतात. आणि फ्रीजमध्ये ठेवू नका, तक्ता मात्र फ्रीजवर चिकटवा.